गहाळ म्हणजे एक

पंधरा सेकंद श्वास धरायचा, मग नळीत सोडायचा,
हळू, तळाशी उरलेलासुद्धा.
मी जावानीजमध्ये मोजते : सीजी, लोरो, तेलू…
अकरापर्यंत मुलं फिसकन हसतात
आणि पुन्हा पहिल्यापासून.

कुदुस गावात हवेलाच लवंगेचा वास.
दवाखान्यात, मशिदीच्या पायऱ्यांवर, वाळत घातलेल्या चादरींना.
इथे कोण ओढतो, कोण नाही, हे नाकाला कळत नाही,
म्हणून हे मुठीएवढं यंत्र.
आकडा सहाच्या आत आला, तर सुटलास.

क्रमांक एकशे सतरा : एकोणीस.
लिंतांग. वय सतरा, शाळेची राखाडी पँट.
फाटकासमोरच्या टपरीवर सुट्या मिळतात,
लायटर सुतळीनं खांबाला बांधलेला,
कुणी पळवू नये म्हणून.
तिथे काळजी घेतली जाते ती लायटरची.

त्याची आई कारखान्यात क्रेतेक वळते.
संमतीच्या कागदावर सही घ्यायला मी घरी गेले.
तिनं कागद दोनदा वाचला.
वाचताना डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती,
नसलेलं काहीतरी वळत.
म्हणाली, लागू पडो तुमचा उपाय.
मग जरा थांबून : सगळ्यांना नका लागू पडू देऊ.
सही मात्र वळणदार केली.

दोनशे चौदा मुलं. चिठ्ठ्या टाकल्या.
अर्ध्यांना नुसतं पत्रक,
अर्ध्यांना रोज रात्री नऊला माझा संदेश :
आज पाचवा दिवस. चिडचिड होईल. पाणी पी.
सहाव्या दिवशी एकशे सतराचं उत्तर आलं :
म्बाक, हातांचं काय करायचं?

झोपेसाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं.
भुकेसाठी होतं, मित्रांच्या टोमण्यांसाठी तर तीन होती.
हातांसाठी नव्हतं.
मी लिहिलं, खिशात शेंगा ठेव, सोलत बस.
(हे नियमावलीत नव्हतं. नोंद केली नाही.)

चौथ्या महिन्यात त्याचा फोन बंद.
शाळा म्हणाली, नाव काढलं. आई म्हणाली, कामाला गेला,
कुठे ते तिनं सांगितलं नाही, मीही फार खोदलं नाही.
प्राध्यापक सुदिब्यो चष्मा पुसत म्हणाले,
जो सापडत नाही, तो ओढतो असं धरायचं.
आपण आपल्याच बाजूनं खोटं बोलू नये म्हणून.
बरोबरच आहे ते. मीच विद्यार्थ्यांना शिकवते.
एकेचाळीस मुलांपुढे एकेचाळीस इंग्रजी एक,
उभे, बारीक,
पाकिटातल्यासारखे चिकटून.

तक्ते बंद झाले. यंत्र परत गेलं.
मग एका दुपारी देमाकच्या रस्त्यावर माझं मागचं चाक बसलं
आणि पंक्चरवाल्यानं मान वर केली : म्बाक!
उंच झाला होता. ओठावर कोवळी मिशी.
मी विचारायच्या आतच म्हणाला,
एक. परवा. भावाच्या लग्नात. बाकी काही नाही.
मग काय सुचलं त्याला, छाती भरून श्वास घेतला
आणि डोळे मिटून बोटांवर मोजू लागला.
पंधराव्याला माझ्या हेल्मेटच्या काचेवर सोडला,
हळू, तळाशी उरलेलासुद्धा.

काच धुरकटली. आकडा आला नाही.
रबराचा वास होता, आणि बहुतेक शेंगांचा,
लवंगेचं मी सांगू शकत नाही,
मी कुदुसची आहे.

तक्त्यात तो अजून एकच आहे. तसंच राहील.
त्या रात्री नऊला, स्वतःच्या फोनवरून,
कुठल्याच अभ्यासासाठी नाही, मी लिहिलं :
हातांचं काय केलंस?

दोन दिवसांनी फोटो आला.
दोन पंजे, ग्रीसनं काळे, नखांच्या आतपर्यंत.
खाली शब्द एकही नाही.